कोंडाई आणि पोटानं दिलेला निकाल

आज रांजणदरीत ज्यांचे केस पांढरे झालेत, त्यांच्या आजीच्या आजीनं ही गोष्ट ऐकली, तेव्हाही ती जुनीच होती. तेव्हा गावात गिरणी नव्हती. दळण जात्यावर व्हायचं, आणि ज्या घरी खाणारी तोंडं फार पण जात्याशी बसायची हौस कमी, त्या घरचं दळण दळायला दुसऱ्या बायका जायच्या. त्यांच्यातली एक होती कोंडाई.

तिच्या आधीची चार भावंडं जगली नव्हती. म्हणून ही जन्मली तेव्हा सुईणीनं तिला सुपातल्या कोंड्यावर ठेवलं आणि आईनं नावही कोंडा ठेवलं, की असल्या नावाच्या पोरीकडं दृष्ट कशाला फिरकेल. पोर जगली. नुसती जगली नाही, दणदणीत जगली. असं म्हणतात, सत्तरी उलटली तरी तिचे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर होते, आणि आपण पोळपाट उचलावा तशी ती जात्याची वरची तळी एका हातानं उचलून बाजूला ठेवायची. माझी मामी ही गोष्ट सांगताना दातांचा आकडा छत्तीसवर न्यायची. मी बत्तीसच धरतो.

त्या काळी गावाचा कारभार तुळाजीराव देशमुखांच्या हातात होता. तंटा झाला की लोक चावडीवर जायचे, देशमुख गादीवर बसून दोन्ही बाजू ऐकायचे आणि निकाल द्यायचे. तरुणपणी हा माणूस मोठा समंजस. दोघं भांडत आले तर दोघांनीही आपलंच खरं झालं असं वाटून घरी जावं, असे त्यांचे निकाल. पण चाळिशी ओलांडली आणि त्यांचं काहीतरी बिनसलं. कपाळाला आठी पडली ती पडलीच. बोलणं तुटक झालं. निकाल तर असे द्यायला लागले, की ऐकणाऱ्यानं आपलं तोंड कुठं लपवावं. असं म्हणतात, एकाची म्हैस शेजाऱ्याच्या अंगणात शिंकली, तर देशमुखांनी त्या म्हशीला महिनाभर मुसकी बांधायची शिक्षा सुनावली.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं. देशमुखांचं पोट साफ होत नव्हतं. तीन-तीन, चार-चार दिवस होत नव्हतं.

त्यांचा गेनू म्हणून एक गडी होता. तो रोज सकाळी पाण्याचा तांब्या परसात नेऊन ठेवायचा आणि लांब उभा राहायचा. काम फत्ते झालं की गेनू मुंडासं सरळ बांधून चावडीवर यायचा, आणि नाही झालं की तिरकं. ज्याचा तंटा असेल तो आधी गेनूचं डोकं बघायचा. तिरकं मुंडासं दिसलं की भांडणारे दोघंही एकमेकांचा हात धरून मागच्या मागं फिरायचे आणि आपसांत मिटवून टाकायचे.

गावाबाहेर माळावर धनगरांची बारा घरं होती. त्यांच्या पाच पिढ्या तिथं झाल्या होत्या, पण चावडीशी त्यांचं काम कधी पडलं नव्हतं, त्यामुळं मुंडाशाची ही खूण त्यांना माहीत नव्हती. एका वर्षी ज्वारी निसवून कणसात दाणे भरत असताना त्यांची मेंढरं केरबा नावाच्या शेतकऱ्याच्या रानात शिरली आणि बांधाकडची बरीच ज्वारी खाऊन गेली. केरबा चावडीवर ओरडत गेला. धनगरांचा म्हातारा म्हाळू हात जोडून आला. झालेलं नुकसान तुम्ही म्हणाल तसं आम्ही भरून देतो, एवढंच तो सांगायला आला होता.

त्या दिवशी गेनूचं मुंडासं इतकं तिरकं होतं, की एका कानावर टेकलं होतं, पण रागाच्या भरात केरबानं तिकडं बघितलंच नाही. पाचवा दिवस होता.

देशमुखांनी म्हाळूला पुरतं बोलूसुद्धा दिलं नाही. बाराच्या बारा घरांनी मेंढरं घेऊन येत्या पुनवेच्या आत गाव सोडायचा, आणि पुन्हा या शिवेत पाय ठेवायचा नाही, असा निकाल झाला. पुनव पंधरा दिवसांवर होती. माळावर त्या सांजेला एकाही घरातून धूर निघाला नाही. एका घरात तर सुनेचे दिवस भरत आले होते.

ही बातमी कोंडाईला देशमुखांच्याच घरी, जात्यावर कळली. तिनं खुंटा सोडला. तीस वर्षं ती त्या घरचं दळत होती आणि दळण अर्ध्यावर टाकून उठायची तिची ही पहिली वेळ. ती देशमुखांच्या बायकोकडं गेली आणि विचारलं, की धन्याला उलट्या होतात का, रक्त पडतं का, अंगावरचं मांस झडत चाललंय का. बाईसाहेब म्हणाल्या, तसलं काही नाही, नुसता खडा धरतो आणि डोकं जड होतं. मग कोंडाई म्हणाली की तसलं काही असतं, तर चांगला वैद्य बघा म्हणाले असते. तसलं नाही, म्हणजे हे माझ्या आवाक्यातलं आहे. एवढं बोलून तिनं पदराचं पीठ झटकलं आणि ती तडक चावडीवर गेली.

बायामाणसांनी चावडीवर जायची रीत नव्हती. कोंडाई खालच्या पायरीवर उभी राहिली.

"सरकार, ह्यो निकाल तुमी दिल्याला न्हाई," ती म्हणाली. "तुमच्या पोटानं दिलाय."

असं म्हणतात, समोरच्या वडावरची पाखरंसुद्धा गप्प झाली. गेनूनं मुंडासं डोळ्यांवर ओढून घेतलं. देशमुखांचा चेहरा आधी लाल झाला, मग हळूहळू उतरला. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "मग तुझं म्हणणं काय, कोंडाबाई?"

"पंधरा दिस मी सांगंन तसं खावा, प्या आन चाला. पुनवंला ह्योच तंटा पुन्यांदा ऐका. तवाबी तोंडातनं ह्योच निकाल निघाला, तर धनगरांच्या मागनं मीबी गाव सोडते."

देशमुख हो म्हणाले. एवढा तापट माणूस हो का म्हणाला, याची गावात निरनिराळी कारणं सांगतात. मला मामीचं पटतं. ती म्हणायची, ज्याचं पाच दिवस पोट साफ झालेलं नाही, त्याला कुणी तोंडावर खरं विचारलं तर आतून बरंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी देशमुखांच्या स्वयंपाकघरातली चाळणी खुंटीला लागली. त्या घरात पीठ तीनदा चाळून वर वस्त्रगाळ करायचे. पुऱ्या कशा, दुधासारख्या पांढऱ्या हव्या असत. कोंडाईनं बाईसाहेबांना सांगितलं, की हे वस्त्रगाळ सुरू झाल्यापासून दहा वर्षं या घरातला कोंडा माझ्या पदरात पडतोय आणि त्याच्यासोबत तुमच्या धन्याची तब्येतपण माझ्याच घरी येतेय, ती आता परत घ्या. मग न चाळलेल्या पिठाची भाकरी आली, पहिल्या दिवशी अर्धी, मग चढती. हरभऱ्याचा पाला आला, चाकवत आली, हुलग्याचं माडगं आलं. तळण आणि बासुंदी सणापुरती राहिली. दुपारी पेरू, आणि तो बियांसकट. देशमुख पहिला घास चावत किती वेळ बसले याची मोजदाद गेनूनं ठेवली होती म्हणतात, पण तो आकडा काही टिकला नाही.

मग चालणं. देशमुखांच्या घरापासून चावडी दोनशे पावलांवर, आणि तेवढ्यासाठीही ते घोड्यावर बसायचे. आता पहाट फुटली की कोंडाई दारात उभी. तिच्यासोबत ओढ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. असं म्हणतात, ती एवढ्या झपाझप चालायची, की मागून घोडा घेऊन येणारा गेनू घोड्याला दुडकत ठेवूनही तिला गाठू शकत नसे. देशमुख बिचारे घामाघूम.

एवढं करूनही चौथा दिवस उजाडला आणि काही झालं नाही. उलट पोट संबळासारखं ताणलं. त्याच दिवशी गावात एक फिरता औषधवाला आला. देशमुखांनी त्याच्याकडून जमालगोट्याच्या पुड्या आधीही घेतल्या होत्या. पुडी घेतली की दिवसभर नुसती धावपळ, आणि पुढचे आठ दिवस कुलूप पहिल्यापेक्षा घट्ट. पण दुखण्यानं कावलेल्या माणसाला पुढचे आठ दिवस कुठले दिसतात. पुडी हातात घेऊन ते घरी गादीवर बसले होते, तोच कोंडाई आली.

ती रागावली नाही. तिनं गादीशेजारचा पाण्याचा तांब्या उचलून आत बघितलं. सकाळी भरलेला तांब्या दुपारी भरलेलाच होता.

तिनं स्वयंपाकघरातून दोन वाट्या मागवल्या. एकीत मूठभर कोरडा कोंडा दाबून बसवला, दुसरीत तेवढाच कोंडा घेऊन वर पाणी ओतलं. थोड्या वेळानं दोन्ही वाट्या उपड्या केल्या. पाण्यातला कोंडा फुगून सुळकन खाली आला. कोरडा वाटीला चिकटून राहिला, तो बोटानं उकरावा लागला.

"कोरडा कोंडा आतबी असाच बसतो," ती म्हणाली. "पानी का पेत न्हाई तुमी?"

देशमुखांनी शेजारी उभ्या बाईसाहेबांकडं एकदा बघितलं. मग त्यांनी जे सांगितलं, ते त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हतं. त्यांच्या वडिलांनी मरताना त्यांना बजावलं होतं, की गादीवर बसलेल्यानं रयतेच्या आधी उठायचं नसतं, उठला की मान गेला. तेव्हापासून चावडी भरली की ते जागचे हलत नसत. पाणी प्यालं तर उठावं लागेल म्हणून पाणी पीत नसत. आणि ऐन चावडीत पोटानं हाक दिली, तर दात आवळून दाबून धरत. असं दहा वर्षं चाललं होतं.

कोंडाई खाली बसली. तिला त्या धिप्पाड माणसाची कीव आली असं म्हणतात.

"सरकार, पोट काय तुमचं चाकर न्हाई," ती म्हणाली. "चार येळा हाक मारंल. पाचव्यांदा गप बसंल. मग तुमी कितीबी हाका मारा, ते ओ देत न्हाई. हाक आली की उठायचं."

बाईसाहेबांनी नवऱ्याच्या हातातली पुडी काढून घेतली आणि चुलीत टाकली. औषधवाल्यानं त्याच पावली गाव सोडला.

त्या दिवसापासून देशमुख उठल्या उठल्या कोमट पाणी प्यायला लागले. चावडीतला तांब्या दुपारच्या आत रिकामा व्हायचा आणि पुन्हा भरला जायचा. सकाळी चालून, न्याहारी करून, रोज त्याच वेळी ते परसात जायचे. घाई नाही, कुंथणं नाही, आडोशाबाहेर उभं राहून निरोप सांगणारं कुणी नाही. झालं तर झालं, नाही तर उद्या. आणि सहाव्या दिवशी ती वेळ आली. चावडी भरलेली, दोन भाऊ बांधावरून तावातावानं बोलत होते, आणि देशमुखांना हाक आली. ते गादीवरून उठले. सगळी चावडी घाबरून उठली, निकाल न ऐकता देशमुख रागानं निघाले असंच सगळ्यांना वाटलं. ते म्हणाले, "बसा, आलोच." गेले आणि थोड्या वेळानं आले. काम काही झालं नव्हतं. पण मानही कुठं गेला नव्हता, सगळे आपापल्या जागी बसून वाट बघत होते.

नवव्या दिवशी सकाळी मात्र झालं.

त्या सकाळचं वर्णन रांजणदरीत जो तो आपल्या परीनं करतो. असं म्हणतात, देशमुखांनी जो सुस्कारा सोडला तो तीन गावांत ऐकू गेला. वडावरचे सगळे पोपट एकदम उडाले आणि गावावर हिरवी सावली पडली. बाईसाहेबांनी रवी अजून हातात घेतली नव्हती, तरी ताकावर लोण्याचा गोळा आला. ओढा आटून दोरीएवढा झाला होता, त्याला घटकाभर कमरेएवढं पाणी आलं आणि धुणं धुणाऱ्या बायकांची दोन लुगडी वाहून गेली. यातलं काय खरं, ते तुम्ही ठरवा. पण गेनू मुंडासं डोक्याला न बांधता दोन्ही हातांनी वर धरून गावभर पळाला, हे मात्र सगळेच सारखं सांगतात.

दुसऱ्या दिवशीही झालं. तिसऱ्याही दिवशी. कपाळावरची आठी गेली, आणि पोटाकडं लागलेलं ध्यान सुटलं तसे देशमुख पहाटेच्या चालण्यात आजूबाजूला बघू लागले. कुठल्या बांधावर कुठली बाभूळ होती ते त्यांना आठवायला लागलं. असं बघत चालताना केरबाच्या रानाशी ते थबकले. उभ्या ज्वारीत दोन रांगांनी जुने दगड दिसत होते.

"इथून धनगरांची ओढ्यावर जायची वाट होती ना?" त्यांनी विचारलं.

"व्हती," कोंडाई म्हणाली. "दोन वर्सं झाली, केरबानं नांगरून रानात घेतली. मेंढरं जुन्या वाटंनं पान्यावर निघाली व्हती."

"तुला ठाऊक होतं, तर त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"त्या दिशी तुमी ऐकलं असतं का?"

देशमुख माघारी वळले. परतीच्या वाटेवर ते एकदोनदा आपल्याशीच हसले म्हणतात.

पुनवेला चावडी भरली. माळावर बोचकी बांधून तयार होती, घोड्यांवर अर्धं सामान चढलंही होतं. या वेळी देशमुखांनी आधी म्हाळूला बोलायला सांगितलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. म्हातारा सावकाश बोलणारा, त्यात एकेका मेंढीचं नाव घेऊन सांगणारा, त्यामुळं बराच वेळ लागला. मध्ये देशमुख एकदा उठून जाऊनही आले. मग केरबाला वाटेबद्दल विचारलं, तेव्हा त्यानं मान खाली घातली.

निकाल असा झाला. केरबानं वाट मोकळी करायची. धनगरांनी ज्वारी काढून झाल्यावर नऊ रात्री आपली मेंढरं केरबाच्या रानात बसवायची, म्हणजे लेंड्यांचं खत पडून पुढच्या वर्षी नुकसान भरून निघेल. आणि माळावरची बारा घरं जिथं होती तिथंच राहतील. एवढं सांगून देशमुख उभे राहिले आणि म्हणाले, "आधीचा निकाल चुकीचा होता. तो मी दिला होता." निरोप घेऊन त्यांनी कुणाला पाठवलं नाही. स्वतः चालत माळावर गेले. त्याच सकाळी तिथल्या सुनेला मुलगी झाली होती. तिचं नाव काय ठेवलं, हे सांगायला नको.

पुढं केरबाच्या रानात एवढी ज्वारी आली, की कणसं पेलताना ताटं मोडायची आणि माणसं शिडी लावून खुडायची, असं म्हणतात.

देशमुखांनी कोंडाईला बोलावून मागशील ते देतो म्हणून सांगितलं. ओढ्याकाठचं रान द्यायचं त्यांच्या मनात होतं. कोंडाईनं रान मागितलं नाही. ती म्हणाली, की मी लग्न होऊन आले तेव्हा पहाटे जात्यावर बसले की दळण संपेपर्यंत सासू उठू देत नसे. पोटात कळ आली तरी दाबून दळायचं. माझ्या शेजारी बसणाऱ्या कितीतरी जणींनी जन्मभर असंच दाबलं आणि जन्मभर पोट धरून बसल्या. तुम्हाला उठायला कुणी अडवत नव्हतं, सरकार. त्यांना अडवतात. तेवढं बंद करा.

दुसऱ्या दिवशी गावात दवंडी पिटली. हाक आली म्हणून जो उठेल, त्याला कुणी अडवायचं नाही. शेतमालकानं मजुराला नाही, सासूनं सुनेला नाही, चावडीनं रयतेला नाही. कुठं निघालास, एवढंही विचारायचं नाही.

कोंडाई एकशे दहा वर्षं जगली म्हणतात. शेवटच्या दिवशीसुद्धा ती पहाटे ओढ्यावर जाऊन आली, परसाकडं जाऊन आली, पेरू खाल्ला, आणि उन्हात भिंतीला पाठ टेकून बसली ती बसल्या जागी गेली. तोंड हसरं होतं.

आजही रांजणदरीत पौषातल्या पुनवेला एकाही घरात पीठ चाळत नाहीत. सगळ्या चाळण्या त्या दिवशी खुंटीवर. सकाळी लहानथोर धनगरांच्या वाटेनं ओढ्यापर्यंत चालत जातात, परत आल्यावर कोमट पाणी पितात आणि चाकवतीसोबत जाड भाकरी खातात. मेंढरं अजूनही त्याच वाटेनं पाण्यावर जातात. पण खरी गंमत आहे ती गावाच्या बोलण्यात. त्या गावात परसाकडं जातो असं कुणी म्हणत नाही. कोंडाईला जाऊन येतो, म्हणतात. ग्रामपंचायतीच्या सभेत एखादा सदस्य हे म्हणून उठला की सरपंच बोलायचं थांबतात आणि तो येईपर्यंत कुठल्याच विषयावर हात वर होत नाहीत. तालुक्याहून नवीन आलेल्या एका साहेबांना वाटलं होतं, की गावात कोंडाईचं देऊळ असेल. ते दर्शनाला निघाले, तेव्हा मोठी पंचाईत झाली होती.

शाळेतही तेच. मध्येच एखादं पोर उभं राहतं आणि म्हणतं, "बाई, कोंडाईला जाऊन येऊ?"

आणि बाई फळ्यावरचा खडू न थांबवता म्हणतात, "जा. घाई करू नकोस, आणि येताना पाणी पिऊन ये."